बरोबर उत्तर देऊनही नवशिक्याची अडचण का सुटत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन वर्षं पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून आता तुम्ही नव्या लोकांच्या अडचणी सोडवायला लागला आहात, आणि तुमचं म्हणणं असं आहे: "मी उत्तर बरोबर देतो, तरी समोरचा 'होत नाही सर' एवढंच लिहितो. वीस-पंचवीस मेसेज होतात, मग तो गायब होतो. माझं काय चुकतंय?" सोबत ताजं उदाहरणही दिलंय. एका विद्यार्थ्याला 'नो मॉड्यूल नेम्ड रिक्वेस्ट्स' असा एरर येतोय, म्हणजे रिक्वेस्ट्स नावाचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) सापडत नाही. तुम्ही त्याला तीन वेळा 'पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स' ही मॉड्यूल टाकण्याची कमांड चालवायला सांगितलंत, त्याने तिन्ही वेळा चालवलं, आणि एरर आहे तिथेच आहे.

मी १६ वर्षं सॉफ्टवेअर सपोर्टचं काम केलंय, आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी नव्यांना प्रोग्रामिंगही शिकवलंय. तुमची अडचण मला चांगलीच ओळखीची आहे. तुमचं उत्तर त्याने लिहिलेल्या प्रश्नाला लागू पडतं. त्याच्या मशीनवर मात्र वेगळंच काहीतरी घडतंय, आणि ते तुमच्यापर्यंत अजून पोचलेलंच नाही. त्यामुळे उत्तर आणखी सोपं करून कसं सांगू, हा विचार तूर्त बाजूला ठेवा. त्याच्या स्क्रीनवर काय आहे ते तुम्हाला कसं दिसेल, हे आधी बघायला हवं.

नवशिक्या आपल्याला बहुतेक वेळा निष्कर्ष सांगतो, पाहिलेलं सांगत नाही. "पायथॉन करप्ट झाला", "डेटाबेस उडाला", "इन्स्टॉल होत नाही" हे सगळे निष्कर्ष आहेत. त्याने स्क्रीनवर काहीतरी पाहिलं, त्याचा आपल्या परीने अर्थ लावला, अर्थ आपल्याला कळवला आणि पाहिलेलं तिथेच सोडून दिलं. यात त्याचा काही दोष नाही. कोणती ओळ महत्त्वाची आणि कोणती नाही, हे कळायलाच वर्षं लागतात. पेशंट येऊन "मला पित्त झालंय" म्हणाला तरी डॉक्टर कुठे दुखतंय, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे विचारतोच. आपल्याला तेच करायचंय. फरक एवढाच की आपल्याला पोटाला हात लावून बघता येत नाही, जे बघायचं ते त्याच्या डोळ्यांनी.

पुढे जे सांगतो ते सगळ्यांना सरसकट लागू होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एखाद्याला तासाभरात प्रोजेक्ट सबमिट करायचा असेल, तर त्या वेळी त्याला शोधण्याची पद्धत शिकवत बसू नये. आधी त्याला बाहेर काढावं, समजावणं दुसऱ्या दिवशी. कॉलेजची असाइनमेंट असेल तर उलट: तिथे तयार कोड दिला तर त्याचं नुकसानच होतं. कोणी दिवसातून एकदाच मेसेज बघतो, कोणी समोर बसल्यासारखा लगेच उत्तर देतो; दोघांशी एकाच पद्धतीने बोलून चालत नाही. आणि हल्ली एक नवा प्रकार असतो, तो म्हणजे चॅटबॉटने लिहून दिलेला कोड. तो असेल तर ते आधी कळलेलं बरं, कारण ज्याने ओळ लिहिली नाही त्याला "ही ओळ का लिहिलीस" हे विचारून काही उपयोग नसतो. मी सरळ विचारतो, "हा कोड कुठून आलाय?" आणि त्याच वाक्यात जोडतो की कुठूनही आला असला तरी चालेल.

आता माझी रीत. पहिल्या मेसेजात मी तीन गोष्टी मागतो: नेमकं काय केलंत, काय होईल असं वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात काय दिसलं. पहिला आणि तिसरा प्रश्न सगळेच विचारतात. मधला फारसा कोणी विचारत नाही, आणि अनेकदा उत्तर तिथेच असतं. वर्गातल्या एका मुलाने लूपबद्दल, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या कोडबद्दल, मला लिहिलं होतं, "लूप चालत नाही." काय व्हायला हवं होतं विचारल्यावर म्हणाला, १ ते १० छापायला हवं होतं. काय दिसलं? १ ते ९. म्हणजे लूप ठणठणीत चालत होता. कुठून कुठे मोजायचं ते ठरवणाऱ्या रेंजमध्ये त्याने १ आणि १० लिहिलं होतं आणि शेवटचा आकडा धरला जात नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. "लूप चालत नाही" या तीन शब्दांवर मी लूपचं सिंटॅक्स, म्हणजे तो लिहिण्याचे नियम, समजावत बसलो असतो, तर त्याने ते निमूटपणे ऐकलं असतं आणि तरी १० छापला गेला नसता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः मिळवा, यावर मात्र ठाम राहा. आपल्याकडे एक जादाची पायरी असते. एरर इंग्रजीत येतो आणि विचारणारा तो मराठीत सांगतो. "परवानगी नाही म्हणतंय" हे वाक्य फाइल लिहिता न येण्याबद्दल असू शकतं, डेटाबेसच्या युजरबद्दल असू शकतं, सर्व्हरवर लॉगिन न होण्याबद्दल असू शकतं. तिघांचे उपाय पूर्ण वेगळे. म्हणून मी म्हणतो, "भाषांतर नको, आहे तसं पाठवा, कळलं नाही तरी पाठवा." अनेकांना वाटतं की जे आपल्याला कळलं नाही ते पाठवलं तर आपण अडाणी ठरू. ती भीती आपणच घालवायची.

मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो आला की काही जाणकार चिडतात, "टेक्स्ट पाठवा, नाहीतर बघणार नाही." मला हे पटत नाही. टेक्स्ट नक्कीच चांगलं, ते सर्च करता येतं, त्यातला स्वल्पविराम आणि टिंब ओळखू येतं. पण पहिल्या दिवशी ज्याला जे जमतं ते घ्यावं, आणि दुसऱ्या वेळी कॉपी कसं करायचं ते शिकवावं. तेही वाटतं तितकं उघड नसतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोमध्ये, कंट्रोल-सी दाबलं की कॉपी होत नाही, चालू असलेला प्रोग्राम बंद पडतो. तिथे कंट्रोल-शिफ्ट-सी लागतं. एका मुलाचा सर्व्हर "आपोआप बंद पडायचा". तो दर वेळी मला एरर पाठवण्यासाठी कॉपी करायला जायचा आणि सर्व्हर थांबवून बसायचा.

एरर हातात आला की तो कुठून वाचायचा हेही सांगावं लागतं, कारण दर भाषेत दिशा वेगळी असते. पायथॉनचा ट्रेसबॅक, म्हणजे एररबरोबर येणारी ओळींची यादी, खालून वाचायचा. मुख्य तक्रार शेवटच्या ओळीत असते, आणि वर 'मोस्ट रीसेंट कॉल लास्ट' असं लिहिलेलंही असतं. जावामध्ये वरची ओळ बघायची, पण खाली 'कॉज्ड बाय' असेल तर सगळ्यात शेवटचा 'कॉज्ड बाय' हे मूळ. सी-मध्ये कंपाइलरने (कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामने) चाळीस एरर दिले तरी फक्त पहिला दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचं, कारण एका विसरलेल्या अर्धविरामामुळे पुढचे कित्येक एरर नुसते ओघाने आलेले असतात. नवशिक्या पायथॉनचा ट्रेसबॅक वरून वाचतो, तिसऱ्या ओळीत गोंधळतो आणि सोडून देतो. ही एक गोष्ट शिकवलीत तरी तो पुढच्या खेपेला निम्म्या वाटेवर स्वतः येतो.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे साध्या चुका तपासणं. फाइल सेव्ह केली का? बरोबर फोल्डरमध्ये आहात का? हे विचारावंच लागतं, पण सरळ विचारलं की माणूस न बघता "हो" म्हणतो. खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसं वाटत असतं. म्हणून मी विचारत नाही, खूण टाकायला सांगतो. "प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीत 'खूण सात' एवढं प्रिंट करा, नेहमीसारखा चालवा, आणि ते दिसतं का सांगा." दिसलं नाही, तर एक तर फाइल सेव्ह झालेली नाही, किंवा बदलतोय एक प्रत आणि चालतेय दुसरी, किंवा टर्मिनल भलत्याच फोल्डरमध्ये आहे. तीन शक्यता एका झटक्यात तपासल्या गेल्या आणि कोणावर आरोप झाला नाही. वेबपेज असेल तर मथळ्याचा रंग लाल करायला सांगतो. लाल झाला नाही, तर ब्राउझर कॅशमधली, म्हणजे साठवून ठेवलेली, जुनी फाइल दाखवत असेल किंवा एडिटरमध्ये वेगळीच फाइल उघडी असेल. मग कंट्रोल-एफ-फाइव्ह दाबून पान नव्याने मागवून बघायचं.

दुसरी तशीच बिनआरोपाची मागणी म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची यादी. एका विद्यार्थिनीचा मेसेज आला होता: "पायथॉन करप्ट झालाय, तीनदा रीइन्स्टॉल केला तरी तेच." मनात धरलेला आकडा ओळखायचा छोटा खेळ ती लिहीत होती. एरर असा की रँडम मॉड्यूलमध्ये रँडइंट (कुठलाही एक आकडा निवडून देणारं फंक्शन) नावाचं काही नाही. माझ्याआधी दोघांनी तिला मदत केली होती. एकाने रीइन्स्टॉल सांगितलं, दुसऱ्याने स्पेलिंग तपासायला सांगितलं. स्पेलिंग बरोबर होतं. मी म्हटलं, "कोड राहू दे. त्या फोल्डरमध्ये ज्या ज्या फाइली आहेत त्यांची नावं जशीच्या तशी पाठव." चार नावं आली. तिसरं नाव होतं 'रँडम डॉट पीवाय'. आदल्या दिवशी तिने रँडम मॉड्यूलचा सराव केला होता आणि सरावाच्या फाइलला तेच नाव दिलं होतं. पायथॉन इम्पोर्ट करताना, म्हणजे मॉड्यूल आत घेताना, चालवलेली फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आधी बघतो. तिथे त्याला तिची सरावाची फाइल सापडली, तीच त्याने उचलली, आणि तिच्यात रँडइंट नव्हतंच. पायथॉन कितीही वेळा पुन्हा टाकला असता तरी फोल्डर तोच राहणार होता. फाइलचं नाव बदललं आणि खेळ सुरू झाला. २०२४ साली आलेल्या पायथॉन ३.१३ पासून एररमध्येच सुचवलं जातं की तुमच्या फाइलचं नाव पायथॉनबरोबरच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, ते बदला. पण ते वाचायला एररची शेवटची ओळ पूर्ण वाचावी लागते, म्हणजे पुन्हा मघाचाच मुद्दा.

यादीचा आणखी एक फायदा होतो. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग, मुळात लपवून ठेवतो. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल दिसते 'हॅलो डॉट पीवाय', आणि असते 'हॅलो डॉट पीवाय डॉट टीएक्सटी'. तो बिचारा शपथेवर सांगतो की फाइल तिथेच आहे, पायथॉन म्हणतो नाही. दोघंही आपापल्या जागी खरे असतात. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू केला की भांडण मिटतं.

आता तुमच्याबद्दल, म्हणजे मदत करणाऱ्याबद्दल. आपल्याला सगळ्यात जास्त नडतो तो आपलाच पहिला अंदाज. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना २-४-६ हे तीन आकडे दिले आणि सांगितलं की हे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवा, ते बसतात की नाही ते मी सांगेन. बहुतेकांना वाटलं दोन-दोनने वाढणारे आकडे. मग ते ८-१०-१२ विचारायचे, उत्तर यायचं "बसतात". २०-२२-२४ विचारायचे, पुन्हा "बसतात". खात्रीने नियम सांगायचे आणि तो चुकायचा. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १-७-५० सुद्धा बसले असते. आपला अंदाज मोडेल असे आकडे विचारायचं फार थोड्यांना सुचलं.

पिप इन्स्टॉल तीनदा सांगणं हे ८-१०-१२ विचारण्यासारखंच आहे. तुमचा अंदाज होता की मॉड्यूल इन्स्टॉल झालेलं नाही. अंदाज वाईट नव्हता, मीही तिथूनच सुरुवात केली असती. पण पहिल्यांदा केल्यावर एरर गेला नाही, तेव्हा अंदाज मोडू शकेल असा प्रश्न विचारायला हवा होता: "पिप चालवल्यावर काय छापलं गेलं?" माझा कयास असा की दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी त्याला 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड' असं दिसलं असणार. म्हणजे मॉड्यूल आहे, हे पिपने त्याला स्वच्छ सांगितलं. त्याने ते तुम्हाला कळवलं नाही, कारण त्याच्या दृष्टीने एरर आला नव्हता, आणि तुम्ही तेवढंच विचारलं होतं. "केलं का?" विचारलं की "केलं" एवढंच येतं. "केल्यावर काय दिसलं?" असं विचारत जा.

मॉड्यूल आहे आणि तरी सापडत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे मशीनवर दोन पायथॉन असतात. एक त्याने वेबसाइटवरून घेतलेला, दुसरा एखाद्या पॅकेजबरोबर आलेला, किंवा प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला. पिप एकात सामान ठेवतं आणि एडिटर दुसरा चालवतो. एका घरात किराणा भरून दुसऱ्या घराचं कपाट उघडावं, तसं होतं. ही गोष्ट नवशिक्याला स्वतःहून कळणं जवळजवळ अशक्य आहे, कारण त्याच्या मनात "पायथॉन" ही एकच वस्तू आहे.

कधी कधी विचारलेला प्रश्नच मूळ अडचणीपासून लांब असतो. "जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम पाच सेकंद थांबवायचा कसा?" असं कोणी विचारतं. उत्तर देता येतं. पण मी आधी विचारतो, "थांबवून काय साधायचंय?" मग कळतं की तो सर्व्हरकडून डेटा मागवतो आणि पुढच्याच ओळीत तो वापरायला जातो, तेव्हा डेटा आलेलाच नसतो. त्याला थांबायचं नाहीये, डेटा येईपर्यंत वाट बघायची आहे. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये अवेट हा शब्द आहे. पाच सेकंदांचा उपाय दिला असता तर नेट चांगलं असताना चाललं असतं आणि मंद असताना पुन्हा फसलं असतं. मात्र "का?" हा प्रश्न विचारताना उलटतपासणी वाटू देऊ नका. "याहून सोपा रस्ता असू शकेल, म्हणून विचारतो" एवढं वाक्य जोडलं की पुरतं.

कोड मोठा असेल तर निम्मा करत जाणं हा रस्ता. पानाची मांडणी बिघडली, सीएसएस (मांडणी ठरवणारा कोड) हजार ओळींचं आहे; निम्म्या ओळी कॉमेंट करा, म्हणजे चालणार नाहीत अशा करा, बिघाड राहिला का बघा, ज्या निम्म्यात असेल त्याचे पुन्हा दोन भाग. हजार ओळी असल्या तरी दहाएक फेऱ्यांत एका ओळीवर येता, कारण दोनचा दहावा घात १०२४. कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या गिटमध्ये जुन्या कमिटसाठी (नोंदवलेल्या बदलांसाठी) हेच काम बायसेक्ट कमांड करते. आधी फाइलची प्रत करून ठेवायला मात्र आठवणीने सांगा.

प्रतीवरून आठवलं, धोक्याच्या कमांडबद्दल मी फार कडक आहे. आपण सांगितलं की नवशिक्या ते टाइप करतो, प्रश्न विचारत नाही. 'सीएचमॉड ७७७' म्हणजे मशीनवरच्या कोणालाही ती फाइल वाचायला, बदलायला आणि चालवायला मोकळीक. एरर जातो खरा, पण सर्व्हरचं दार उघडं राहतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपने थेट इन्स्टॉल करायला गेलं की ते अडवलं जातं, आणि त्यावर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय वापरा असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. नावातच धोका लिहिलेला आहे. तिथे दोन मिनिटं जास्त देऊन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला शिकवावं. अँटिव्हायरस बंद करा, सगळं डिलीट करून पुन्हा टाका, फोर्स पुश करा (गिटमध्ये सर्व्हरवरच्या कोडवर जबरदस्तीने आपला कोड चढवा), असले सल्ले परिणाम सांगितल्याशिवाय देऊच नयेत. आणि कोणी पाठवलेल्या कोडमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) दिसली तर बाकी सगळं थांबवून आधी ती की रद्द करून नवी घ्यायला सांगा. मेसेज डिलीट करून भागत नाही, तोवर ती कोणीही पाहिलेली असू शकते. गिटमध्ये गेली असेल तर फाइलमधून काढली तरी इतिहासात राहतेच.

मेसेज कसा लिहावा याबद्दल थोडं. एका वेळी एकच बदल सांगा. पाच उपाय एकदम दिलेत तर तो पाचही करेल, कदाचित उलट्या क्रमाने, आणि नंतर कशाने फरक पडला किंवा नवीन काय बिघडलं ते कोणालाच सांगता येणार नाही. करून काय दिसायला हवं तेही लिहा: "यानंतर तीन ओळी दिसतील, तिसरीत आकडा असेल." म्हणजे वेगळं काही दिसलं की तो स्वतःच थबकतो. जो दिवसातून एकदाच येतो त्याला मात्र एक पायरी पुरत नाही. त्याला "हे दिसलं तर असं करा, ते दिसलं तर तसं" अशा दोन वाटा देऊन ठेवाव्या. "फक्त", "सोपं आहे", "नुसतं एवढंच करायचं" हे शब्द मी जाणीवपूर्वक टाळतो. ज्याला तीन दिवस जमलं नाही त्याला ते सोपं आहे असं सांगितलं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही. तुमचे लोक गायब होतात त्यामागे हेही कारण असू शकेल, एकदा तुमचे जुने मेसेज या नजरेने वाचून बघा. अनोळखी माणसाला मी अहो-जाहोच करतो, मग तो शाळकरी का असेना.

स्क्रीन शेअर करून माउस आपल्याकडे घेण्याचा मोह होतो. काम पाच मिनिटांत होतं, हे खरं. पण त्याने काय पाहिलं? बाण इकडून तिकडे पळाला आणि एरर गेला. पुढच्या आठवड्यात तोच एरर घेऊन तो पुन्हा तुमच्याच दारात. घाईचा प्रसंग सोडला तर कीबोर्ड त्याच्या हातात राहू द्या, टायपिंगला दुप्पट वेळ लागला तरी. आणि सुटल्यावर त्याला दोन वाक्यांत लिहायला सांगा की अडचण काय होती आणि कशी कळली. माझ्या वर्गातल्या काहींनी अशा वह्या वर्षानुवर्षं ठेवल्या आहेत.

कधी सुटणारच नाही. तुम्हाला त्या गोष्टीची माहिती नसेल, किंवा दोन तास झाले आणि दोघंही थकला असाल. तेव्हा तसं सांगा, आणि आतापर्यंत काय काय तपासलं, काय दिसलं याची छोटी नोंद त्याच्या हाती द्या. पुढचा मदत करणारा पुन्हा पिप इन्स्टॉलपासून सुरुवात करणार नाही, एवढं तरी होईल.

आता तुमचा तो विद्यार्थी. तो अजून संपर्कात असेल तर मी त्याला आज असं लिहीन:

"यात बराच वेळ गेलाय, त्रास झाला असणार. सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या तुम्ही बरोबर केल्या होत्या, तपासायची जागा आम्ही चुकवली. आता काहीही इन्स्टॉल करू नका. दोन गोष्टी बघायच्या आहेत, दोन्हींनी काही बदलणार नाही. पहिली: प्रोग्रामच्या अगदी वर, रिक्वेस्ट्सच्या इम्पोर्टच्याही आधी, एका ओळीत 'इम्पोर्ट सिस' लिहा आणि दुसऱ्या ओळीत 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' प्रिंट करा. सेव्ह करून नेहमी चालवता तसाच चालवा. एररबरोबर एक लांब पत्ता छापला जाईल, तो कॉपी करून पाठवा. पत्ता आलाच नाही, तर तसं कळवा, तेही उपयोगाचं आहे. दुसरी: ज्या विंडोमध्ये पिप चालवलं होतं तिथे 'पिप', मग एक जागा सोडून दोन हायफन आणि त्याला जोडून 'व्हर्जन' टाइप करा. जी ओळ येईल ती पूर्ण पाठवा."

दुसऱ्या ओळीत पिप कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि कुठल्या पायथॉनचं आहे, दोन्ही दिसतं. ते पहिल्या पत्त्याशी जुळलं नाही, तर दोन पायथॉनचाच घोळ आहे. मग पहिल्या पत्त्यावरचा पायथॉन घ्यायचा आणि त्याच्यापुढे 'हायफन एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स' लावून चालवायचं, म्हणजे सामान जिथे शोधलं जातं तिथेच जाईल. तो व्हीएस कोड वापरत असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात पायथॉनचं व्हर्जन दिसतं, तिथे क्लिक करून दुसरा निवडता येतो. पण यातलं काहीच त्याला आत्ता सांगू नका, आधी त्या दोन ओळी येऊ द्या. आणि त्या जुळल्याच, तर दोन्ही ओळी आणि त्याच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं मला पाठवा. मग मीही माझा अंदाज सोडून पहिल्यापासून बघेन.